बेडकाच्या टाकीत खरी झाडं लावताय? आधी झाडं, मग किडे, बेडूक सगळ्यात शेवटी

आमच्या पुण्याच्या घरी दोन व्हाइट्स ट्री फ्रॉग आहेत, ढबू आणि पाचू. मूळचा हा बेडूक ऑस्ट्रेलिया आणि न्यू गिनीकडचा, पण आमचे दोघं ब्रीडरकडेच जन्मलेले. पहिलं वर्षभर त्यांच्या टाकीत प्लास्टिकची झाडं होती. मग एका पावसाळ्यात मला हौस आली की आता खरी झाडं लावू. एका नर्सरीतून चार झाडं आणली, नळाखाली पानं धुतली, कुंडीसकट टाकीत ठेवली आणि संध्याकाळी दोघांना आत सोडलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी बघते तर पाण्याच्या वाटीत क्रिकेट (त्यांना खायला दिलेले रातकिडे) उलटे पडलेले आणि पाचू तळाशी बसलेली. ही कधीच खाली बसत नाही, तिची जागा वरच्या फांदीवर. उचलायला हात घातला तर तिचा मागचा एक पाय सरळ ताणलेला आणि थरथरत होता. लगेच दोघांना बाहेर काढलं, साध्या प्लास्टिकच्या डब्यात ओल्या टिश्यूवर ठेवलं, डॉक्टरांकडे नेलं. ते म्हणाले झाडावरच्या फवारणीचंच लक्षण दिसतंय, पाणी बदलत राहा. अकरा दिवस तिने काही खाल्लं नाही, बाराव्या दिवशी एक क्रिकेट खाल्ला तेव्हा मी खरंच रडले.

नंतर नर्सरीत जाऊन विचारलं तर तिथल्या काकांनी सरळ सांगितलं, "ताई, औषध तर आम्ही दर पंधरा दिवसांनी मारतोच, तुम्ही आधी बोलला असता तर दिलं नसतं." त्यांची चूक नव्हती, मी विचारलंच नव्हतं. त्यानंतर सगळं शिकून, दोनदा टाकी रिकामी करून परत लावून जे हाताला लागलं ते इथे क्रमाने लिहितेय. पद्धत हळू आहे, झाड आणल्यापासून बेडूक आत जाईपर्यंत अडीच-तीन महिने जातात. पण घाई केली की काय होतं ते मी पाहिलंय.

आधी हे समजून घ्या

बेडूक तोंडाने पाणी पीत नाही. त्याच्या पोटाच्या खालच्या बाजूला आणि मांड्यांच्या आतल्या बाजूला पातळ कातडी असते, तिथून तो पाणी शोषून घेतो, आणि श्वासाचा काही भागही कातडीतूनच चालतो. म्हणजे तो ज्या पानावर बसतो त्या पानावर जे काही आहे ते तो जवळपास पितोच असं धरून चाला. कुत्र्या-मांजराला 'हे झाड विषारी आहे का' असं विचारतात तेव्हा प्रश्न झाड खाण्याचा असतो. बेडूक पान खात नाही. त्याच्या बाबतीत झाडापेक्षा झाडावर काय मारलंय, मातीत काय घातलंय आणि मुळांमध्ये काय लपलंय हे जास्त महत्त्वाचं.

काय काय लागेल

झाडांसाठी: दोन बादल्या, जुना टूथब्रश, कात्री, साधं ब्लीच (सुगंध किंवा रंग नसलेलं), मासे पाळणाऱ्यांच्या दुकानात मिळणारं अँटीक्लोरीन (पाण्यातलं क्लोरीन घालवणारं), धुतलेलं कोकोपीट, रिकाम्या छोट्या कुंड्या किंवा दह्याचे मोठे डबे.

टाकीसाठी: काचेची टाकी (दोन मोठ्या व्हाइट्ससाठी निदान १८ बाय १८ बाय २४ इंच, उंची २४), क्ले बॉल (भाजलेल्या मातीच्या हलक्या गोळ्या), मच्छरदाणीची फायबरची जाळी, ऑर्किडसाठी मिळणारी साल, लाकडी कोळसा, वाळलेली बदामाची पानं, पांढरा एलईडी लाइट, तापमान आणि दमटपणा दाखवणारा मीटर, स्प्रे बाटली.

स्प्रे बाटली नवीनच घ्या. घरातली काच पुसायच्या लिक्विडची रिकामी बाटली कितीही धुतली तरी वापरू नका. आणि बादल्याही वेगळ्या ठेवा, फरशी पुसायच्या फिनाइलची बादली नको.

१. बेडूक कुठला, त्याचे कागद कुठे

झाडांच्या लेखात हे कशाला असं वाटेल पण सुरुवात इथूनच होते. आपल्याकडचे रानातले, शेतातले, विहिरीवरचे बेडूक पकडून टाकीत ठेवायचे नाहीत. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे आणि पावसाळ्यात रस्त्यावर सापडला म्हणून घरी आणला हे कारण चालत नाही. बाहेरच्या देशातले बेडूक घेत असाल तर ते ब्रीडरकडचेच घ्या आणि बिल जपून ठेवा. डार्ट फ्रॉग आणि लाल डोळ्यांचा ट्री फ्रॉग हे साइट्स (धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या) करारातल्या यादीत येतात, त्यांची २०२४ च्या नियमांप्रमाणे केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी करावी लागते. व्हाइट्स त्या यादीत नाही, तरी बिल हवंच.

दुसरं, बेडकाच्या जातीवर झाडं ठरतात. डार्ट फ्रॉग दोन-चार ग्रॅमचा, त्याला नाजूक फर्न आणि शेवाळ चालतं. व्हाइट्स ट्री फ्रॉगची मादी १० सेंटीमीटरपर्यंत वाढते, रात्री उड्या मारते आणि ज्या पानावर पडते ते पान मोडतं. हॉर्न्ड फ्रॉग, ज्याला पॅकमॅन म्हणतात, तो तर स्वतःला मातीत पुरून घेतो आणि सगळी झाडं उपटतो. मी पुढे जे सांगतेय ते व्हाइट्स धरून, पण झाडं स्वच्छ करायची रीत सगळ्यांना तीच.

२. झाडं कुठली

माझं पहिलं उत्तर कायम मनी प्लांट. नाव ऐकून लोकांचा हिरमोड होतो पण खरंच यासारखं दुसरं नाही. कमी उजेडात जगतो, देठ जाड, मोडला तर परत फुटतो, आणि बेडकाच्या घाणीतलं खत भराभर शोषतो. त्याच्या जोडीला सिंगोनियम, साधा हिरवा फिलोडेंड्रॉन, बर्ड्स नेस्ट फर्न, स्पायडर प्लांट. बर्ड्स नेस्टच्या मधल्या खोलगट भागात ढबू दिवसभर पाय दुमडून झोपतो. स्नेक प्लांटही भक्कम आहे, पण त्याची मुळं कोरडी लागतात म्हणून तो वेगळ्या कुंडीत ठेवून टाकीच्या कोरड्या कोपऱ्यात ठेवायचा. ब्रोमेलियाड छान दिसतात, त्यात निओरेगेलिया घ्या, फक्त पानाच्या कडेवरून बोट फिरवून बघा. बोटाला करवतीसारखं लागलं तर ते झाड नको.

नको असलेली: निवडुंग, काटेशेर आणि कुठलंही काटेरी झाड. तोडल्यावर पांढरा चीक येणारी झाडं, म्हणजे शेर, क्रोटन, रुई. कण्हेर तर अजिबात नाही. डायफेनबाखियाचा रस फार खाजरा म्हणून तोही मी टाळते. (मनी प्लांट आणि सिंगोनियमचा रसही खाजतो, म्हणून छाटल्यावर देठाची जखम दिवसभर सुकू द्या आणि मगच लावा.) वासाची झाडं, पानओवा, पुदिना, गवती चहा, यांच्यात तेल असतं, नकोत. तुळस चालेल का हे मला बरेचदा विचारतात. तुळशीला ऊन लागतं, टाकी उन्हात ठेवता येत नाही, ती आत आठ दिवसांत झुरते. तिला अंगणात राहू द्या.

शेवाळाबद्दल वेगळं सांगायला हवं. पावसाळ्यात आंबोलीला किंवा ताम्हिणीला गेलं की दगडांवरचं हिरवंगार शेवाळ बघून ते पिशवीत भरून आणायचा मोह होतो. आणू नका. एक तर ते तिथल्या बेडकांचं, किड्यांचं घर आहे. शिवाय बेडकांचा कायट्रिड नावाचा बुरशीजन्य आजार ओल्या शेवाळाबरोबर, ओल्या मातीबरोबर घरी येऊ शकतो. या बुरशीने जगभर बेडकांच्या जातीच्या जाती संपवल्यात आणि सह्याद्रीतल्या बेडकांवरही ती सापडलेली आहे. दुकानात मिळणारं भडक हिरवं सजावटीचं शेवाळही नको, ते रंगवलेलं असतं, ओलं झालं की रंग सुटतो.

३. नर्सरीत काय विचारायचं

सोलापूर रोडला, उरुळी कांचनला ओळीने नर्सऱ्या आहेत, निवड भरपूर. पण तिथे जाऊन "ऑरगॅनिक आहे का?" असं विचारू नका, सगळे हो म्हणतात. सरळ विचारा, "औषध शेवटचं कधी मारलं आणि कुठलं?" आपल्याकडे फवारणीला औषध म्हणतात, कीटकनाशक हा शब्द वापरला तर समोरचा सावध होतो. औषध म्हटलं की मोकळेपणाने सांगतात.

उत्तरात इमिडाक्लोप्रिड, डायमेथोएट असलं काही आलं तर ते झाड घेऊच नका. ही आंतरप्रवाही औषधं आहेत, म्हणजे ती झाडाच्या आत रसात जातात, पान कितीही धुतलं तरी निघत नाहीत, आणि इमिडाक्लोप्रिड मातीत घातलेलं असेल तर महिनोन्महिने टिकतं. मॅन्कोझेब, कार्बेन्डाझिमसारखी बुरशीनाशकंही सर्रास मारतात. मॅन्कोझेब पानाच्या वर बसतं, धुतलं तर बरंचसं जातं. कार्बेन्डाझिम मात्र हेही आत शिरणारं. पानं फार चकचकीत दिसत असतील तर वर चमक यायचा स्प्रे मारलेला असतो, तोही नको.

खरं सांगू का, सगळ्यात चांगलं झाड शेजाऱ्यांकडे असतं. माझ्या आताच्या टाकीतला सगळा मनी प्लांट समोरच्या काकूंच्या बाटलीतल्या वेलाच्या फांद्यांचा आहे, तो वेल पंधरा वर्षं नुसत्या पाण्यावर स्वयंपाकघरात वाढलाय. फांदी घ्या, दोन पेरं राहतील अशी कापा, पाण्यात ठेवा, दोन-तीन आठवड्यांत मुळं फुटतात. ना माती, ना खत, ना औषध. फक्त एक विचारून घ्या, घरात पेस्ट कंट्रोल कधी झालंय.

४. घरी आणल्यावर माती संपूर्ण काढा

नर्सरीच्या कुंडीतली माती टाकीत जाता कामा नये, चिमूटभरसुद्धा. कुंडीतून झाड काढा, मातीचा गोळा बादलीभर पाण्यात अर्धा तास भिजत ठेवा, मग हळूहळू बोटांनी सोडवा. आपल्याकडे लाल चिकणमाती असते, ती मुळांना घट्ट धरून बसते, ओढाताण केली तर मुळंच तुटतात. म्हणून पाणी बदला, परत भिजवा. मला एका झाडाला तीन बादल्या पाणी लागतं, ते नंतर बाल्कनीतल्या शोभेच्या झाडांना घालते.

हे करताना तीन गोष्टी डोळ्यांनी शोधा. पहिली, मोहरीपेक्षा थोडे मोठे, पिवळट तपकिरी गोल दाणे. नखाने दाबले की फट्कन फुटतात आणि आतून पाणी येतं. हे हळूहळू सुटणारं खत. एक दाणा जरी राहिला तरी टाकीच्या ओलाव्यात तो महिनोन्महिने सुटत राहणार आणि बेडूक त्यावर बसणार. दुसरी, थर्माकोलच्या चुऱ्यासारखं पांढरं दिसणारं परलाइट. ते विषारी नाही पण बेडूक किड्यावर झडप घालताना गिळतो, काढून टाका. तिसरी गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते: मुळांच्या अगदी मधोमध बोटाएवढी एक स्पंजची किंवा जाळीची पुंगळी असते, रोप लहान असताना ज्यात वाढवलेलं असतं ती. बाहेरून सगळं स्वच्छ दिसतं आणि ही पुंगळी आत खत-औषध धरून बसलेली असते. कात्रीने उभी चिरून काढा. थोडी मुळं जातील, जाऊ देत.

मातीत काय काय निघेल त्याला तयार राहा. गांडूळ निघालं तर काही नाही, पण गोम निघाली, मुंग्यांची अंडी निघाली, गोगलगायीच्या अंड्यांचे पारदर्शक मणी निघाले तर तो गोळा सगळा बाहेर. लाल मुंग्या टाकीत गेल्या तर झोपलेल्या छोट्या बेडकालाही सोडत नाहीत.

मग पानं. टूथब्रशने दोन्ही बाजू, विशेषतः खालची. भांड्यांच्या साबणाचा एक थेंब मगभर पाण्यात घालून पुसलं तर तेलकट थर निघतो, पण मग नळाखाली चांगलं तीन-चार वेळा धुवा, साबणाचा बुळबुळीतपणा अजिबात राहायला नको.

५. ब्लीचचं पाणी

एक भाग साधं ब्लीच आणि एकोणीस भाग पाणी. हातात मोजे, खिडकी उघडी, आणि टॉयलेट क्लीनर किंवा कुठल्याही ॲसिडच्या जवळपासही ब्लीच नेऊ नका, विषारी वायू तयार होतो. मनी प्लांट, स्नेक प्लांटसारखी जाड पानं दहा मिनिटं, फर्नसारखी पातळ पाच मिनिटंच. आधी एक पान बुडवून दुसऱ्या दिवशी बघा, काळं पडलं नाही ना. त्यानंतर वाहत्या पाण्यात धुवा आणि अँटीक्लोरीन घातलेल्या पाण्यात अर्धा तास बुडवून ठेवा. नाकाजवळ धरून वास घ्या, ब्लीचचा जरा जरी वास आला तर परत.

ब्लीचने गोगलगायीची अंडी, बुरशी, पानावर चिकटलेले जंतू मरतात. झाडाच्या रसात गेलेलं औषध यातून निघत नाही. बरेच जण इथे थांबतात, झाड ब्लीच केलं म्हणजे झालं, आणि फसतात.

६. झाडाचं क्वारंटाइन

धुतलेलं झाड आता साध्या कोकोपीटमध्ये, वेगळ्या कुंडीत, टाकीच्या खोलीत नाही तर दुसरीकडे. निदान सहा आठवडे. औषधाबद्दल जरा जरी शंका असेल तर तीन महिने. या काळात खत नाही, कडुनिंबाचं तेल नाही, काही म्हणजे काही नाही, फक्त पाणी. पाणी वरून भरपूर घालून खालून वाहू द्या, म्हणजे उरलंसुरलं खत धुऊन जातं.

यात माझी एक पद्धत आहे आणि ती मी सोडत नाही. नर्सरीचं मूळ झाड मी टाकीत घालतच नाही. ते क्वारंटाइनमध्ये वाढवते, नवी फूट आली की तिची फांदी कापून पाण्यात लावते, आणि ती फांदी टाकीत जाते. बर्ड्स नेस्टला फांद्या नसतात, तिथे जुनी पानं एकेक करून कापते आणि मधून आलेली नवी पानं तेवढी ठेवते. वेळ लागतो पण रात्री दिवा बंद करताना मनात धाकधूक राहत नाही.

कोकोपीटबद्दल इथेच सांगते. काथ्याचा भुसा बरेचदा खाऱ्या पाण्यात भिजवलेल्या सोडणाचा असतो, त्यात मीठ असतं. वीट विकत आणली की बादलीत फुलवा, फडक्यात पिळा, परत पाणी घाला, परत पिळा. पहिलं पाणी चहासारखं गडद निघतं, चौथं-पाचवं फिकट होतं, तोपर्यंत करा. पाकिटावर 'खतयुक्त' किंवा 'पॉटिंग मिक्स' लिहिलेलं असेल तर घेऊ नका.

७. स्प्रिंगटेलची परीक्षा

स्प्रिंगटेल म्हणजे मातीत राहणारे पांढरे, मिलीमीटर-दोन मिलीमीटरचे किडे, जे बुरशी आणि घाण खाऊन टाकी साफ ठेवतात. हौशी लोकांकडे त्यांचं कल्चर मिळतं, डब्यात कोळसा आणि थोडं पाणी ठेवून वर चार तांदळाचे दाणे टाकले की वाढतात. मातीतलं विष तपासायला प्रयोगशाळेतही फोल्सोमिया कॅन्डिडा हा स्प्रिंगटेलच वापरतात, म्हणून घरीसुद्धा ही परीक्षा कामाची.

क्वारंटाइन संपलं की त्या कुंडीतलं मूठभर कोकोपीट आणि झाडाची दोन पानं चुरगळून एका झाकणाच्या डब्यात घाला, त्यात पन्नास-साठ स्प्रिंगटेल सोडा. दुसऱ्या तशाच डब्यात तुमचं नवीन धुतलेलं कोकोपीट आणि तेवढेच स्प्रिंगटेल. आठ दिवस दोन्ही सावलीत. मग पाणी ओतून बघा, जिवंत स्प्रिंगटेल पाण्यावर तरंगून उड्या मारतात. झाडाच्या डब्यात मेले आणि दुसऱ्यात जगले तर ते झाड बाल्कनीत जाऊ दे. दोन्हीकडे जगले तर पुढे जायला हरकत नाही, मात्र क्वारंटाइनचे आठवडे कमी करायला हे कारण धरू नका, बेडकाची कातडी किड्यापेक्षा वेगळी आहे.

८. टाकी भरणं

तळाला ५ सेंटीमीटर क्ले बॉल, धुऊन. वर जाळी, कडेपर्यंत नीट कापून, नाहीतर माती खाली उतरते. त्यावर ७-८ सेंटीमीटर मिश्रण: दोन भाग कोकोपीट, एक भाग साल, मूठभर कुटलेला लाकडी कोळसा. बार्बेक्यूच्या कोळशाच्या विटा नकोत, त्यात पेटायला सोपं जावं म्हणून इतर पदार्थ मिसळलेले असतात. सगळ्यात वर बदामाच्या वाळलेल्या पानांचा जाड थर. देशी बदामाचं झाड पुण्या-मुंबईत जवळपास प्रत्येक सोसायटीत असतं, पण रस्त्याकडेची पानं घेऊ नका, जिथे फवारणी होत नाही तिथली गळलेली पानं घ्या, उकळून वाळवा.

मागच्या भिंतीला काही चिकटवायचं असेल तर सिलिकॉन साधं घ्या, बाथरूमसाठी मिळतं ते बुरशीरोधक असतं, त्यात बुरशी मारायचं रसायन असतं. व्हिनेगरसारखा वास पूर्ण जाईपर्यंत, म्हणजे साधारण आठवडाभर, टाकी उघडी ठेवा.

९. लावा आणि थांबा

व्हाइट्ससाठी माझा आग्रह आहे की झाडं थेट मातीत न लावता छोट्या कुंडीसकट पुरा. हा बेडूक मोठा आहे, त्याची घाणही मोठी, आज ना उद्या एखादं झाड बदलावं लागतंच, आणि कुंडी असेल तर बाकीची मुळं न हलवता ते उचलता येतं. मागच्या बाजूला उंच आणि भक्कम, पुढे मोकळी जागा जिथे बेडूक खाली येऊन शिकार करेल.

झाडं लावली की स्प्रिंगटेल आणि थोडे आयसोपॉड (कुजकी पानं खाणारे छोटे कवचवाले जीव) सोडा, लाइट रोज दहा-अकरा तास चालू ठेवा, पाणी शिंपडा आणि चार आठवडे काहीही करू नका. पहिल्या दहा-पंधरा दिवसांत लाकडावर, पानांवर पांढरी कापसासारखी बुरशी येते. घाबरून औषध शोधू नका, स्प्रिंगटेल तिला खातात आणि ती जाते. एक-दोन पानं पिवळी पडतात तेही ठीक. पण नवीन पान फुटायला हवं. नवीन पान दिसेपर्यंत बेडूक आत जात नाही, हा माझ्या घरचा नियम आहे.

१०. बेडूक आत

संध्याकाळी सोडा, कारण ते रात्री हिंडतात, आणि शक्यतो शुक्रवारी म्हणजे पुढचे दोन दिवस तुम्ही घरी असाल. पाण्याच्या वाटीत अँटीक्लोरीन घातलेलं नळाचं पाणी, रोज बदलायचं. शिंपडायला मी आरओचं पाणी वापरते, काचेवर पांढरे डाग पडत नाहीत. वाटीत मात्र आरओचं नको, त्यात क्षार फारसे उरत नाहीत.

पहिले तीन दिवस हे बघा: मागचे पाय ताणणं किंवा थरथरणं, अंग काळपट तपकिरी पडून तसंच राहणं, सारखं पाण्यात बसून राहणं, सारखी कात टाकणं, तोंड उघडझाप करणं. यातलं काहीही दिसलं तर वाट न बघता बाहेर काढा, स्वच्छ डब्यात पोटाला लागेल इतकंच अँटीक्लोरीनचं पाणी, दर दोन-तीन तासांनी बदला, आणि बेडूक-सरडे बघणाऱ्या डॉक्टरांना फोन करा. असे डॉक्टर प्रत्येक शहरात सहज मिळत नाहीत, म्हणून नंबर बेडूक आणायच्या आधीच शोधून ठेवा.

११. पुढची काळजी

व्हाइट्सला दमटपणा ५० ते ७० टक्के पुरतो. मे महिन्यात मी सकाळ-संध्याकाळ शिंपडते, जुलैत आठवड्यातून दोनदाही पुरतं. पावसाळ्यात झाडं छान दिसतात म्हणून भरपूर पाणी घालत राहिलं की माती आंबते, कुजका वास येतो, मुळं जातात आणि बेडकाच्या पायालाही जखमा होतात. वरची जाळी उघडी ठेवा, हवा खेळू द्या. टाकीवर थेट ऊन कधीच नको, एप्रिलमध्ये खिडकीतलं अर्ध्या तासाचं ऊनसुद्धा काचेच्या आत भट्टी करतं.

कीड येणार. पिठ्या ढेकूण, मावा, लाल कोळी, सगळं येतं. टाकीच्या आत कशाचीही फवारणी करायची नाही, कडुनिंबाचं तेल आणि साबणाचं पाणीसुद्धा नाही. कुंडी उचला, बाहेर नेऊन धुवा, पिठ्या ढेकूण कापसाने पुसून काढा, पंधरा दिवस बाहेर ठेवा. मातीवर बारीक काळ्या माश्या उडत असतील तर त्या त्रासदायक आहेत पण निरुपद्रवी.

आणि एक गोष्ट झाडांची नाही पण त्याच पानांवर येऊन बसते: घरातला धूर. डास पळवायचं लिक्विड, कॉइल, झुरळाचा स्प्रे, यातली बरीचशी औषधं बेडकाला घातक आहेत. टाकीच्या खोलीत यातलं काहीच नको, तिथे मच्छरदाणी लावा. डेंग्यूच्या दिवसांत महापालिकेची धुराची गाडी येते, आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर आदल्या दिवशी मेसेज पडतो. तेव्हा मी खिडक्या बंद करते, टाकीवर ओलं सुती फडकं टाकते, आणि त्या दिवसापासून बाल्कनीतून आणलेलं कुठलंही पान-फांदी महिनाभर टाकीत जाऊ देत नाही.

१२. टाकीतलं बाहेर टाकताना

तळाच्या थरात पाणी साठतं, ते महिन्या-दोन महिन्यांनी नळीने काढावं लागतं. ते पाणी, काढलेली माती, छाटलेली पानं बागेत किंवा नाल्यात टाकू नका. आपल्या बेडकाच्या अंगावर कुठला परदेशी जंतू असेल तर तो पावसाच्या पाण्यातून इथल्या बेडकांपर्यंत जातो. पाण्यात ब्लीच घालून तासभर ठेवा आणि मग संडासात ओता. माती आणि पानं जुन्या ट्रेमध्ये पसरून गच्चीवर कडक उन्हात पूर्ण कोरडी होईपर्यंत वाळवा, कायट्रिडला कोरडेपणा सहन होत नाही, आणि मग पिशवी बांधून कचऱ्याच्या गाडीत. पावसाळ्यात ऊन नसेल तर ट्रे घरातच पंख्याखाली ठेवा, आमच्याकडे तो जुलै-ऑगस्टमध्ये कपाटाच्या वर असतो.